जर्मनचं इमान

नागपूर आणि आसपासच्या गावांत लढाईच्या काळात पडलेल्या विमानांचा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका बाजूला कुणाच्या तरी आजोबांनी आठ वर्षांचे असताना पाहिलेलं, धूर सोडत शेतात घुसलेलं विमान. दुसऱ्या बाजूला ‘कागद दाखवा’ म्हणणारे. पहिला तट लगेच स्मारकाच्या गोष्टी करतो आणि जागेला ‘शहीद वैमानिक’ असं काही नाव देऊन मोकळा होतो. दुसरा तट, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो असं म्हणून वही मिटतो. आठवण एक तर सगळी खरी असते नाही तर सगळी खोटी, असं दोघंही धरून चालतात, आणि घोटाळा तिथंच होतो. लहानपणी पाहिलेल्या अपघाताची आठवण ‘कुठं पडलं’ आणि ‘तिथून घरी काय आलं’ या दोन प्रश्नांना फार चांगली उत्तरं देते, ‘केव्हा’ला कामचलाऊ देते, आणि ‘कोणतं विमान’, ‘का पडलं’, ‘वैमानिकाच्या मनात काय होतं’ या प्रश्नांना तिचं उत्तर जवळजवळ निरुपयोगी असतं. तिला या मापानं वापरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि घाई करावी, कारण १९४४ साली आठ वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीला टेकलं आहे.

नागपूरवर विमानं होतीच कशाला, इथून सुरुवात करू. सोनेगावची धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सनं ती डागडुजी करून वापरात आणली. शहर देशाच्या मधोमध, त्यामुळे लांब पल्ल्याच्या विमानांना उतरून इंधन भरायला सोयीचं. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टीही त्याच लढाईतली. थोडक्यात, हे आघाडीचं आकाश नव्हतं, ये-जा करण्याचं होतं. ये-जा करतानाही विमानं पडतात. पावसाळी ढगांत वाट चुकायला, इंधन संपायला, एक इंजिन बंद पडायला, नवख्या वैमानिकाचा उंचीचा अंदाज फसायला समोर शत्रू असावा लागत नाही. अशी बातमी छापून येणं मात्र कठीण होतं, कारण भारत संरक्षण नियमांखाली वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा हात होता आणि सैन्याच्या नुकसानीचा मजकूर त्यात पहिला अडकत असे. ‘पेपरात नाही म्हणजे घडलंच नाही’ हा युक्तिवाद एरवी ठीक असेल, १९४२ ते १९४५ या वर्षांना तो लागू पडत नाही.

तरीही कागदवाल्यांच्या बाजूनं जे बोलता येतं ते जोरकस आहे, आणि ते पुरतं मांडल्याशिवाय पुढं जाणं लबाडी होईल. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एल अल कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ एका उंच रहिवासी इमारतीवर आदळलं. दहा महिन्यांनी डच मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीला धडकतानाचं चित्रण तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? पहिल्या पाहणीत ५५ टक्के आणि दुसरीत ६६ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. काहींनी विमान कोणत्या कोनातून आलं तेही सांगितलं. असं चित्रण मुळात कुणाकडेच नव्हतं. हे दहा महिन्यांत झालं. आपण ऐंशी वर्षांच्या गोष्टी करतो आहोत. बरं, प्रत्यक्ष पाहणारे तरी? १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान पडलं, तेव्हा तपास यंत्रणेनं ३४९ साक्षीदारांचे जबाब तपासले. १८ टक्के म्हणाले विमान उजवीकडे वळलं, १८ टक्के म्हणाले डावीकडे. निम्म्याहून अधिक लोकांनी ते आदळण्याआधीच पेटलेलं पाहिल्याचं सांगितलं, पण ती आग नेमकी कुठं होती यावर त्यांचं एकमत नव्हतं. ही सगळी मोठी, शहाणी, भर सकाळी जागी असलेली माणसं होती. तेव्हा आपल्याकडचं ‘इमान जयत आलं’ (विमान जळत आलं) हे वाक्य जसंच्या तसं इतिहासात घालता येणार नाही, हे मान्य करून टाकू.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे स्मारकवाले हटकून काणाडोळा करतात. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत ती परत फिरत. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री यातलं एक डकोटा जातीचं विमान उड्डाणानंतर लगेच इंजिन बिघडून कोसळलं. १३ जण गेले, फक्त वैमानिक वाचला. आता गंमत बघा. हे डकोटा आणि लढाईतलं सैनिकी वाहतुकीचं विमान एकाच घराण्यातलं. जमिनीवर उभ्या पोराला १९४४ साली जे दिसलं असतं तेच १९५३ सालीही दिसलं असतं: दोन इंजिनं, शेपूट जमिनीला टेकलेली, २९ मीटरचा पंखविस्तार. पुढं १९६२, १९६५, १९७१ च्या लढाया आल्या, ब्लॅकआउट आला, सायरन आले. ‘लढाईच्या टायमाला’ हे शब्द यांतल्या कुठल्याही खुंटीवर टांगता येतात.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांची गोष्ट या संदर्भात नेहमी अर्धीच सांगितली जाते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे व्हायला एकच दिवस बाकी होता. रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना मध्येच बातमी आली, असं त्यांना वर्षानुवर्षं लख्ख आठवत होतं. पुढं लक्षात आलं की ७ डिसेंबरला बेसबॉल खेळतच नाहीत. झालं, स्मरणाच्या फसवेपणाचा नमुना म्हणून हा किस्सा प्रसिद्ध झाला. उरलेला अर्धा भाग १९८६ साली समोर आला: त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता, त्याचं प्रक्षेपण रेडिओवर होतं, आणि खेळणाऱ्या दोन्ही संघांची नावं त्या शहरातल्या बेसबॉल संघांचीच होती, जायंट्स आणि डॉजर्स. रेडिओ होता, सामना होता, मध्येच आलेली बातमी होती. चुकला तो खेळाचा प्रकार. आठवणीची चूक अशी ओळखीच्या जागी होते, आणि कोणत्या जागी होते हे कळलं की ती दुरुस्त करता येते.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘जर्मन’. गावोगावचे म्हातारे शपथेवर सांगतात की पडलेलं विमान जर्मनचं होतं. शिकलेला नातू हसतो, आणि त्याचं बरोबरच आहे. जर्मनीचं एकही लढाऊ विमान नागपूरच्या आकाशात आलं नाही. जपान्यांची आली ती किनाऱ्यापर्यंत आणि बंगालपर्यंत: ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा, त्या डिसेंबरपासून कलकत्ता. पण विदर्भात ‘जर्मन’ म्हणजे ॲल्युमिनियमसुद्धा. जर्मनचा गंज, जर्मनची परात, जर्मनचा डबा. हे शब्द बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बर्लिन नसतं, चूल असते. आता ‘जर्मनचं इमान’ हे शब्द पुन्हा ऐका. चकचकीत, पांढऱ्या, हलक्या धातूचं विमान पडलं, एवढंच कुणी तरी म्हटलं असेल आणि पुढच्या पिढीनं त्याला हिटलरशी जोडलं असेल. प्रत्येक ठिकाणी असंच झालं असा माझा दावा नाही. पण हा प्रश्न न विचारताच साक्षीदाराला खोट्यात काढणं हा आळस आहे, आणि तो कागदवाल्यांच्या बाजूचा आळस आहे.

स्मारकवाल्यांचा आवडता मुद्दा वेगळा. वैमानिकानं गाव वाचवायला विमान वळवलं, हे वाक्य ज्या कथेत नाही अशी विमान पडल्याची कथा जगात सापडणं मुश्किल. इंग्लंडमधल्या शेफील्डचं उदाहरण यात सगळ्यांत बोलकं आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला डेन्मार्कवरच्या मोहिमेतून परतणारं अमेरिकन बी-१७ बॉम्बर तिथल्या एंडक्लिफ बागेत कोसळलं आणि आतले दहाही जण ठार झाले. बागेत खेळणाऱ्या पोरांना वाचवायला त्यांनी मोकळी जागा सोडून झाडीत विमान घातलं, असं त्या पोरांतले आपण एक होतो म्हणणाऱ्या वृद्धानं आयुष्यभर सांगितलं. २०१९ साली पंचाहत्तराव्या स्मृतिदिनी ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी बागेवरून मानवंदनेचं उड्डाण केलं आणि ते पाहायला हजारो लोक जमले. विमान पडलं, कुठं पडलं, कोण गेलं यावर वाद नाही. पोरांसाठी वळवलं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि ते होण्याची शक्यताही दिसत नाही.

कारण वळण आणि वळवणं यांत फरक आहे आणि तो जमिनीवरून दिसत नाही. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं की चालू इंजिन नाक मेलेल्या इंजिनाकडे ढकलतं. वैमानिक उलट बाजूचा रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून ते सावरतो. पण रडरला जोर येतो तो वेगातून. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण दाबलेला रडरही पुरत नाही, विमान मेलेल्या इंजिनाच्या बाजूला कलंडतं आणि वळत वळत खाली येतं. उड्डाणानंतर लगेच, टाक्या भरलेल्या, उंची शंभर-दोनशे फूट, तेव्हा हे पाच-सहा सेकंदांत उरकतं. खालून पाहणाऱ्याला काय दिसतं? विमान गावाकडे येत होतं आणि ऐनवेळी बाजूला वळलं. तो जे सांगतो ते त्यानं खरंच पाहिलेलं असतं. ‘गावासाठी’ हा शब्द गावानं नंतर घातलेला असतो. शिवाय इंजिन गेलेला वैमानिक मोकळं शेत शोधतोच, कारण त्याला स्वतःला तिथं जिवंत उतरायचं असतं. म्हणून नोंद करताना वळण कोणत्या बाजूला, किती, पंख किती कलंडलेला, आवाज एका इंजिनाचा की तुटक, एवढं लिहावं. त्याग लिहू नये. त्याग नव्हताच असं नाही, पण तो नोंदीचा विषय होऊ शकत नाही.

आता कागदाकडे वळू, कारण त्यालाही सोवळ्यात ठेवण्याचं कारण नाही. ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक अपघाताचं एक कार्ड होई, फॉर्म ११८०. त्यावर तारीख, विमानाचा प्रकार आणि अनुक्रमांक, तुकडी, वैमानिकाचं नाव आणि दोन-चार ओळींत कारण. तुकडीची रोजनिशी वेगळी, फॉर्म ५४०. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात तुकड्यांच्या रोजनिशा ‘एअर २७’ आणि विमानतळांच्या ‘एअर २८’ या मालिकांत आहेत. हे सगळं अनमोल आहे. पण जागेची नोंद बघाल तर ‘अमुक शहराच्या ईशान्येला पंधरा मैल’ अशा धर्तीची, आणि गावाचं नाव असलंच तर इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. पंधरा मैलांवर दोन-चार मैल इकडेतिकडे झालं तर डझनभर गावं येतात. कारणाच्या रकान्यातही चौकशी मंडळाची समजूत असते, आणि कित्येकदा तीही नसते. २३ ऑगस्ट १९४४ ला इंग्लंडमधल्या फ्रेकल्टन गावावर वादळात सापडलेलं अमेरिकन लिबरेटर बॉम्बर कोसळलं, गावची शाळा पेटली, ६१ माणसं मेली, त्यांतली ३८ शाळकरी मुलं. रीतसर चौकशी झाली, तरी विमान नेमकं कशानं कोसळलं याचं पक्कं उत्तर कागदात नाही. साक्षीदार जिवंत, अवशेष समोर, आणि कारण अज्ञात.

आणि सरकारी कागद हाच काय तो पुरावा, असं नागपूरच्या माणसानं म्हणावं? ‘चले जाव’ आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला जो उठाव झाला आणि त्यानंतर सैन्य आणि पोलिसांनी गावात जे अत्याचार केले, ते सांगणाऱ्या बाया होत्या, ऐकणारे होते, आणि सरकार चौकशीच करायला तयार नव्हतं. सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी त्यासाठी ६३ दिवस उपास केला आणि त्या उपासाची बातमी छापायलाही बंदी आली. त्या वर्षी याच प्रांताच्या कारभाराचा कागद काय सांगत होता आणि माणसं काय सांगत होती, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ‘फाइलीत नाही’ हे वाक्य जरा दमानं उच्चारावं. उलटपक्षी, लोकांच्या तोंडची सर्वांत अचाट गोष्टही कधी कधी खरी निघते. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या, ही नुसती ऐकली तर थाप वाटते. ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर सोनं होतं, एक वीट मैलभरावरच्या घरात जाऊन पडली, आणि गोदीतला गाळ काढताना पुढं कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या.

म्हणून भांडणापेक्षा पद्धत महत्त्वाची, आणि ती काही अवघड नाही. पहिली गोष्ट वयाची. शाळेच्या दाखल्यावरची १ जुलै ही जन्मतारीख मास्तरनं लावलेली असते, तिच्यावर विसंबू नये. थोरल्या-धाकट्या भावंडांवरून, घरातल्या लग्नांवरून वय काढावं. चार वर्षांच्या आतलं स्वतःचं पाहिलेलं सहसा कुणाला आठवत नाही, तेव्हा १९४२ चा जन्म असलेल्या माणसाची १९४४ ची आठवण ही घरात ऐकलेली गोष्ट धरावी. ऐकलेली गोष्ट टाकाऊ नसते, तिचा रकाना वेगळा. प्रत्येक वाक्यापुढं तीनांपैकी एक खूण करायची: पायलं, आयकलं, मागाहून समजलं. दुसरी गोष्ट, दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवू नका. पाराखाली चौघं जमले की जो मोठ्यानं बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होते, आणि पुढच्या खेपेला चारही जण तीच आपली म्हणून सांगतात. विमानांची चित्रं आधी दाखवू नका. दाखवायचीच तर शेवटी, आणि सहा-सात एकदम, त्यांत त्या काळी असूच शकलं नसतं असं एखादं जेटही घाला. माणूस त्यावर बोट ठेवतो का बघा.

तारीख कुणालाच आठवत नाही, पण पीक आठवतं. तूर फुलोऱ्यावर होती का? ज्वारीवर पाखरं हाकायला गेला होता का? कपाशीची कितवी वेचणी? मोहफुलं वेचायला पहाटे उठला होता का? शहराजवळचा माणूस असेल तर मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या, आधी की नंतर, हे विचारावं. नागपूरकराच्या डोक्यातलं वर्ष मारबतीपाशी हमखास दुमडलेलं असतं. इतकं मिळालं तरी महिना पंधरा-वीस दिवसांच्या फरकानं हाती येतो, आणि अपघाताच्या कार्डांच्या गठ्ठ्यात तेवढं पुरतं. अंतराचे आकडे मात्र मागू नयेत. लहान पोराचा कोस म्हणजे दमेपर्यंत पळणं. त्यापेक्षा ‘तुम्ही कुठं उभे होते, त्या जागी चला’ म्हणावं आणि हात कुठं जातो ते होकायंत्रावर टिपावं. दोन वेगळ्या जागांवरून दोघांनी दाखवलेल्या दिशा नकाशावर ओढल्या की रेघा जिथं छेदतात ते शेत. लोळ दिसणं आणि दणका ऐकू येणं यांत किती वेळ गेला, तेही विचारून ठेवा; तीन सेकंदांना एक किलोमीटर. शेताचं नाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, नावावर सांगितलं जाईल, ‘पाटलाचा बरडा’ असं काही. मालगुजारी १९५१ साली गेली, खसरा नंबर बदलले, तेव्हा पटवाऱ्याकडून जुना-नवा नंबर जुळवून घेतल्याशिवाय शेतात पाय टाकण्यात अर्थ नाही. आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

शेतात काय मिळेल? इंग्लंडच्या भुसभुशीत ओल्या मातीत इंजिन कित्येक मीटर खोल जाऊन बसतं आणि तिथं ते शाबूत सापडतं. इथं हातभर-पुरुषभर काळ्या मातीखाली मुरूम किंवा काळा दगड, त्यामुळे यंत्र आदळून फुटतं आणि वरच पसरतं. पाचशे-सातशे किलोचं इंजिन बहुधा हवाई दलाच्या लोकांनीच उचलून नेलेलं असतं. उरलेलं गावानं नेलं, त्यातून उरलं ते भंगारवाल्यानं. अल्कधर्मी काळ्या मातीत ॲल्युमिनियमची करडी-पांढरी भुकटी होत जाते. पितळ टिकतं, प्लेक्सिग्लासचे, म्हणजे विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे, पिवळट तुकडे टिकतात. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की बारकं सामान भेगेत पडतं आणि नांगरटीला पुन्हा वर येतं, म्हणून रोहिणीच्या आधीची नांगरट बघावी. पत्र्याचा तुकडा मिळाला तर आतल्या बाजूचा रंग बघा: पिवळसर हिरवा असेल तर अमेरिकन बनावट, राखाडी हिरवा असेल तर ब्रिटिश असण्याची शक्यता जास्त. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ असेल तर ते खडकीच्या कारखान्याचं. पण सावध. कामठीला छावणी १८२१ पासून आहे, पुलगावला दारूगोळ्याचं कोठार आहे. या पट्ट्यात शेतात काडतूस सापडणं हा विमानाचा पुरावा होत नाही. आणि काडतूस, नळकांडं, टोकदार गोळा यांपैकी काही भरीव दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवावं. जुनी दारू वयानं निरुपद्रवी होत नाही. उजेडात चमकणाऱ्या काट्यांची घड्याळासारखी तबकडी मिळाली तर ती खरवडू नये, घरात ठेवू नये. चमक गेली तरी त्या रंगातलं रेडियम गेलेलं नसतं. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात.

एक आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ज्या साहेबाच्या राज्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये इथं गोळ्या चालल्या, त्याची विमानं कुठं पडली याची उठाठेव आपण का करावी? तुरुंगात गेलेल्यांच्या याद्या आधी पुऱ्या करा. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, आणि स्मारकाला ते थेट लागू होतं. माझाही घाईच्या स्मारकाला विरोध आहे. अनुक्रमांक जुळला नाही, नावं पडताळली नाहीत आणि दगडावर कोरली, तर भलत्याच माणसाच्या नावानं फुलं वाहिली जातात, आणि दगडावरचं खोडता येत नाही. मध्य आणि पश्चिम भारतात विखुरलेल्या कित्येक कबरी नंतर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत नेण्यात आल्या. मेलेल्यांची सोय तिथं झालेली आहे. पण नोंद म्हणजे मानवंदना नव्हे. विमान साहेबाचं असेल, शेत आपलं होतं. उभं पीक कुणाचं जळलं, त्याला काही मिळालं का, शिपायांनी राखण करताना कुणाला मारलं, कोतवालाला रात्रभर प्रेतांजवळ बसवलं का, त्या वर्षी रॉकेल आणि कापड मिळत नसताना गावानं त्या ढिगातून काय काय उचललं, हा आपला इतिहास आहे आणि तो क्यूच्या कुठल्याही फाइलीत नाही. शिवाय आतला माणूस हिंदी नव्हता हे आधीच कुणी ठरवलं? त्या लढाईत पंचवीस लाख हिंदी माणसं फौजेत होती.

कायद्याचा आधार शोधणाऱ्यांना फारसं काही हाती लागणार नाही. ब्रिटननं १९८६ साली कायदा करून सैनिकी विमानाच्या अपघातस्थळी परवान्याशिवाय खणणं बेकायदा ठरवलं, मग जमीन खासगी का असेना. आपला प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांची अट घालतो. म्हणजे १९४४ चं विमान २०४४ साली त्याच्या विचाराला पात्र होईल. तोवर मिहान प्रकल्पापासून समृद्धी महामार्गापर्यंत भोवतालच्या किती शेतांचे लेआउट झाले असतील आणि किती मुरूम टिप्परनं हलला असेल, हे वेगळं सांगायला नको.

आतापर्यंतच्या चौकशांत एक ठळक उणीव आहे: विचारलं जातं ते म्हाताऱ्या पुरुषांना, त्यांच्या बायकांकडे कुणी वळत नाही. विमान पडलं तेव्हा पोरं धावत सुटली, पोरींना घरीच थांबवलं. त्यामुळे पोरांकडे धूर आहे, लोळ आहे, गोऱ्या शिपायाची टोपी आहे. पोरींकडे घरात काय आलं ते आहे: कोणत्या पत्र्याचं काय केलं, कोणता तुकडा कल्हईवाल्याला दिला, कोणता सासऱ्यानं गोठ्यावर ठोकला. नंतर सून म्हणून आलेल्या बाईनंही ती वस्तू पन्नास वर्षं हाताळलेली असते. वितळवून ओतलेल्या गंजावर काही खूण राहत नाही. पण विमानाचा पत्रा तसाच कापून केलेलं कोठीचं झाकण असेल तर त्यात दोन-अडीच सेंटीमीटरवर, एका सरळ रेषेत, कडा आतल्या बाजूला किंचित दबलेली रिव्हेटची भोकं असतात, आणि कधी कधी उलट्या बाजूला हिरवा रंग. झाकणाला इतकी भोकं का, असं आजीला अजून कुणी विचारलेलं नाही. तिनं ती कधीच डांबरानं बुजवून टाकली आहेत, आत सोंडे शिरतात म्हणून.